मिश्रसैन्याचा डाव : ‘वॉरहॅमर’मधील एम्पायरची निवड आणि चाल

‘वॉरहॅमर’ हा गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीचा, मेजावर लघुप्रतिमा मांडून खेळला जाणारा कल्पनारम्य युद्धखेळ आहे. साधारणतः सहा फूट लांब व चार फूट रुंद पटावर दोन खेळाडू आपापले सैन्य उभे करतात. अंतरे इंचपट्टीने मोजली जातात आणि प्रत्येक प्रहाराचा निकाल फाशांवर लागतो. बुद्धिबळात दोन्ही बाजूंना सारखीच सोळा मोहरी मिळतात. कोणाला तीन उंट आणि कोणाला चार घोडे असा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. वॉरहॅमरमध्ये मात्र पटावर पहिली प्रतिमा ठेवण्यापूर्वीच अर्धा डाव खेळून झालेला असतो, कारण कोणते सैनिक, किती आणि कशासाठी घ्यायचे हे खेळाडूने स्वतः ठरवायचे असते. ही निवड एका संध्याकाळीपुरती नसते. प्रतिमा विकत घेणे, जोडणे व रंगवणे यांत महिने जातात. त्यामुळे चुकीच्या निवडीची किंमत पैशांत आणि वेळेत मोजावी लागते. अनेक प्रकारच्या दलांचे मिश्रसैन्य कसे निवडावे व खेळवावे, याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे या खेळातील ‘एम्पायर’ हे मानवी साम्राज्याचे सैन्य होय.

पूर्वपीठिका

युद्धखेळांचे मूळ भारतीय आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. हत्ती, घोडदळ, रथ आणि पायदळ या सैन्याच्या चार अंगांवरून चतुरंग हा खेळ घडला. तो इराणात चतरंग, अरबांकडे शतरंज आणि युरोपात ‘चेस’ झाला. १७८० मध्ये ब्रन्सविक येथील हेल्विग याने बुद्धिबळाच्या आधारे मोठ्या पटाचा आणि वेगवेगळ्या भूप्रदेशांचा युद्धखेळ रचला. प्रशियातील राइसवित्स पितापुत्रांनी ती कल्पना पुढे नेली व १८२४ मध्ये ‘क्रीग्जश्पील’ हा नकाशावरील खेळ लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी सिद्ध झाला. एच. जी. वेल्स यांच्या १९१३ मधील ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकाने खेळण्यातल्या शिपायांसाठी नियम दिले आणि हा छंद घराघरांत नेला. १९७१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘चेनमेल’ या मध्ययुगीन लढायांच्या नियमावलीला चेटूक, ड्रॅगन व राक्षस यांची पुरवणी जोडलेली होती. इतिहासातील सैन्यांबरोबर कल्पनेतील सैन्येही मेजावर आली ती या वाटेने.

गेम्स वर्कशॉपची स्थापना १९७५ मध्ये लंडनमध्ये झाली. पुढे तिचे मुख्य केंद्र नॉटिंगहॅम येथे गेले. ब्रायन ॲन्सेल, रिचर्ड हॅलिवेल व रिक प्रीस्टली यांनी रचलेली वॉरहॅमरची पहिली आवृत्ती १९८३ मध्ये निघाली. त्यानंतर २०१० पर्यंत आठ आवृत्त्या झाल्या. प्रत्येक आवृत्तीत नियम बदलले. तथापि रांगांत उभ्या असलेल्या पलटणी, त्यांच्या बगला आणि त्यांचे मनोधैर्य हा खेळाचा गाभा कायम राहिला.

एम्पायर : सैन्याचे स्वरूप

एम्पायर हे सोळाव्या शतकातील पवित्र रोमन साम्राज्यावर बेतलेले आहे. फुगीर बाह्यांचे, चिरा दिलेले रंगीत पोशाख, टोपीतील पिसे आणि दोन हातांनी पेलण्याच्या लांब तलवारी हे सारे जर्मन ‘लान्ड्सक्नेश्ट’ भाडोत्री पायदळावरून घेतले आहे. साम्राज्याचा संस्थापक सिग्मार हा पुढे देव मानला गेला. जोडशेपटीचा धूमकेतू हे त्याचे चिन्ह. आल्टडॉर्फ ही राजधानी, नूल्न हे तोफांच्या कारखान्यांचे व तोफखान्याच्या शाळेचे शहर, तर मिडनहाइम हे उल्रिक या युद्धदेवाच्या उपासकांचे ठाणे.

या जगात एल्फ अधिक चपळ आहेत, ड्वार्फ अधिक चिवट, आणि उत्तरेकडील केऑसचे योद्धे अधिक बलवान. एम्पायरचा शिपाई मात्र सर्व बाबतीत सामान्य. खेळातील बहुतेक गुणांकांत त्याला ३ हा आकडा मिळतो आणि नेतृत्वाचा गुणांक ७. साम्राज्याचे बळ एका शिपायात नसून विविधतेत आहे. भालेकरी, तलवारधारी, परशूसारखे पाते बसवलेला लांब दांडा वागवणारे हॅलबर्डधारी, बंदूकधारी, क्रॉसबोधारी, चिलखती घोडेस्वार, पिस्तूलधारी हलके स्वार, तोफा, उखळी तोफा, अनेक नळ्यांची हेलब्लास्टर, अग्निबाणांची गाडी, वाफेवर चालणारा रणगाडा, सिग्मारचे धर्मयोद्धे, स्वतःला आसूड मारून घेणारे धर्मवेडे आणि आठ विद्यापीठांतील मांत्रिक एवढा पसारा या एका सैन्यात आहे. इतरांशी तुलना केली की फरक कळतो. ड्वार्फांकडे घोडदळ नाही आणि मांत्रिकही नाहीत. ब्रेटोनियाचा भर जवळजवळ सर्वस्वी सरदार घोडेस्वारांवर. त्यांना आपली उणीव झाकायची असते. एम्पायरच्या खेळाडूला आपल्या विपुलतेला शिस्त लावायची असते.

निवडीचे नियम

प्रत्येक प्रतिमेला तिच्या ताकदीनुसार गुणमूल्य असते आणि दोन्ही खेळाडू समान एकूण गुणांचे, बहुधा २,००० गुणांचे, सैन्य आणतात. स्वैर निवडीला आळा घालण्यासाठी सैन्यातील दले वर्गांत विभागलेली असतात. २०१० च्या आवृत्तीत हे प्रमाण टक्केवारीने ठरवले गेले. सेनापतींवर २५ टक्क्यांपर्यंत, वीरांवर आणखी २५ टक्क्यांपर्यंत, विशेष दलांवर ५० टक्क्यांपर्यंत, दुर्मीळ दलांवर २५ टक्क्यांपर्यंत खर्च करता येतो, आणि सामान्य दलांवर किमान २५ टक्के खर्च करावाच लागतो. म्हणजे २,००० गुणांच्या सैन्यात ५०० गुण साध्या शिपायांसाठी राखलेले असतात. शिवाय ३,००० गुणांखालील सैन्यात एकच विशेष दल तीनपेक्षा अधिक वेळा व एकच दुर्मीळ दल दोनपेक्षा अधिक वेळा घेता येत नाही.

हे निर्बंध असूनही एक जुना वाद शिल्लक राहतो. जे दल सर्वांत प्रभावी तेच नियम परवानगी देतील तितक्या वेळा घ्यावे, की प्रत्येक कामासाठी वेगळे दल ठेवावे? पहिल्या मार्गाने काही डाव सहज जिंकता येतात. परंतु असे सैन्य एकाच प्रश्नाचे उत्तर असते. तोफाच तोफा असलेले सैन्य भुतांच्या किंवा चपळ स्वारांच्या फौजेपुढे लवकर उघडे पडते. केवळ चिलखती घोडदळाचे सैन्य दाट पायदळावर आदळून अडकते. समोरचा खेळाडूही कंटाळतो, आणि हा खेळ दोघांच्या संमतीशिवाय होत नाही. मिश्रसैन्य प्रत्येक डावात थोडे कमी प्रखर, पण कोणत्याही शत्रूपुढे सर्वस्वी निरुपाय होत नाही.

कोणते दल कशासाठी

निवडीचा पहिला नियम असा की दल हवेसे वाटले म्हणून नव्हे, तर त्याच्याकडे काम आहे म्हणून घ्यावे. मिश्रसैन्यात पाच कामे असतात.

पहिले काम थोपवून धरण्याचे. यासाठी तलवारधारी किंवा भालेकरी यांची वीस ते तीस जणांची खोल पलटण असते. तिने शत्रूला मारावे ही अपेक्षा नसते. तिने उभे राहावे एवढीच असते. मागच्या रांगा, निशाण आणि संख्याबळ हेच तिचे शस्त्र.

दुसरे काम फोडण्याचे. चिलखती घोडेस्वार हल्ल्याच्या क्षणी प्रबळ असतात. पहिल्या धडकेत शत्रू मोडला नाही तर त्यांचा जोर ओसरतो. म्हणून समोरून एकट्याने धाडण्यापेक्षा, पायदळाने शत्रूला गुंतवल्यावर बगलेवर सोडणे हा त्यांचा योग्य उपयोग.

तिसरे काम दुरून झिजवण्याचे. बंदुकीचा पल्ला २४ इंच, क्रॉसबोचा ३०, मोठ्या तोफेचा ६०. बंदूक चिलखत अधिक चांगले भेदते, क्रॉसबो लांबवर पोचतो. उखळी तोफ दाटीने उभ्या पायदळावर चालवावी. मोठी तोफ राक्षस, रथ व एकट्या दांडग्या वीरांवर. तोफेचा भरवसा मात्र पूर्ण नसतो. २००६ च्या नियमांत तिच्यासाठी खास फासा दोनदा टाकावा लागतो आणि प्रत्येक वेळी सहापैकी एक बाजू घाताची. दोन्ही फेक सुखरूप पार पडण्याची शक्यता ३६ पैकी २५, म्हणजे सुमारे ६९ टक्के. एका तोफेवर सारा बेत उभारणे त्यामुळे धोक्याचे. दोन तोफा हा बहुतेकांनी स्वीकारलेला मध्यम मार्ग आहे.

चौथे काम अडवण्याचे व चकवण्याचे. पिस्तूलधारी हलके स्वार थोड्या गुणांत येतात. ते शत्रूच्या तोफांवर धावून जातात, पळणाऱ्यांचा पाठलाग करतात आणि प्रसंगी बलाढ्य शत्रूच्या तोंडावर आडवे उभे राहून त्याला भलत्या दिशेला खेचतात. गनिमी काव्याच्या कथांवर वाढलेल्या मराठी वाचकाला या दलाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

पाचवे काम धीर देण्याचे. सेनापतीच्या १२ इंचांच्या परिघातील पलटणी त्याच्या नेतृत्वाचा गुणांक वापरू शकतात, म्हणून ७ च्या शिपायांना ९ चा आधार मिळतो. सैन्याचे मुख्य निशाण वागवणारा वीर त्यांच्याजवळ असला की फळी अधिक घट्ट होते. मांत्रिकाची गणनाही येथेच करावी. शत्रूचे मंत्र निष्फळ करणे हे त्याचे पहिले कर्तव्य, विजा पाडणे दुसरे.

एका झुंजीचे गणित

मिश्रसैन्य का जिंकते हे एका झुंजीच्या हिशेबावरून स्पष्ट होते. येथे २००६ च्या आवृत्तीचे नियम धरले आहेत.

पाचांच्या पाच रांगांत २५ तलवारधारी उभे आहेत. पाच चिलखती शत्रुस्वारांनी समोरून धडक दिली, चार शिपाई पडले आणि स्वारांपैकी कोणीही पडला नाही. केवळ मृतांची संख्या पाहिली तर पायदळ हरले. परंतु मागील रांगांचे कमाल ३, निशाणाचा १ आणि संख्याबळाचा १ मिळून पायदळाचे ५ होतात. स्वारांचे चार बळी व निशाणाचा १, असे त्यांचेही ५. झुंज बरोबरीत सुटते आणि स्वारांची धडक वाया जाते.

आता याच पलटणीला दहा जणांचे जोडपथक दिले आहे असे समजू. जोडपथक हे एम्पायरचे खास वैशिष्ट्य. मुख्य पलटणीच्या निम्म्यापर्यंत संख्येची छोटी तुकडी तिच्यापासून तीन इंचांच्या आत उभी राहते आणि मुख्य पलटणीवर हल्ला होताच शत्रूच्या बगलेवर प्रतिहल्ला करू शकते. बगलेचा १ वाढला की निकाल ६ विरुद्ध ५. स्वारांचे नेतृत्व ८ असेल, तर एका गुणाने हरल्यामुळे त्यांना दोन फाशांची बेरीज ७ किंवा कमी आणावी लागते. ही शक्यता ५८ टक्के. जोडपथकाने एक स्वार पाडला तर फरक दोनाचा होतो आणि टिकण्याची शक्यता ४२ टक्क्यांवर येते. दहा स्वस्त शिपायांनी महागड्या सरदारांच्या पळण्याची वाट मोकळी केली.

उलट बाजूही पाहावी. तेच स्वार पायदळाच्या बगलेवर आले असते, तर रांगांचे तीनही गुण रद्द झाले असते आणि शत्रूला बगलेचा एक जादा मिळाला असता. पायदळाचे निशाण व संख्याबळ मिळून २, स्वारांचे ६. नेतृत्व ७ मधून ४ वजा जाता उरतात ३. दोन फाशांत ३ किंवा कमी येण्याची शक्यता अवघी ८ टक्के. जवळ सेनापती असता तर ती २८ टक्के झाली असती. पलटण तीच, शत्रू तोच, मृतही तितकेच. फरक केवळ दिशेचा आणि शेजारी कोण उभा आहे याचा.

मांडणी आणि चाल

नेहमीच्या लढाईत दोन्ही सैन्यांमध्ये आरंभी २४ इंचांचे अंतर असते आणि खेळाडू आळीपाळीने एकेक दल मांडतात. मिश्रसैन्याला येथे एक छुपा लाभ मिळतो. स्वस्त व लहान दले अधिक असल्याने ती आधी मांडून शत्रूचा बेत पाहता येतो आणि सरदारांचे घोडदळ अखेरीस योग्य जागी ठेवता येते.

मध्यभागी दोन पलटणी, त्यांच्या कडेला जोडपथके, मागे उंचवट्यावर तोफा, एका बगलेवर चिलखती घोडदळ व दुसऱ्या बगलेवर हलके स्वार ही एम्पायरची पाठ्यपुस्तकी मांडणी होय. तिच्यात दोन चुका वारंवार होतात. पहिली म्हणजे आपल्याच पलटणी पुढे सरकवून तोफांची व बंदुकांची दृष्टिरेषा झाकणे. तोफांसाठी पलटणींमध्ये मोकळ्या गल्ल्या मांडणीच्या वेळीच राखाव्या लागतात. दुसरी चूक घाईची. पायदळाची चाल चार इंच, चिलखती घोड्याची सात. दोघांना एकाच वेळी सोडले तर घोडदळ एकटेच शत्रूला जाऊन भिडते. अनुभवी खेळाडू पहिल्या दोन फेऱ्यांत घोडदळ रोखून धरतात, तोफांना काम करू देतात आणि पायदळाची झुंज जुळण्याच्या फेरीतच बगलेवरून हल्ला करतात.

कोणते दल गमवायचे हेही आधी ठरवावे लागते. शत्रूचा सर्वांत बलाढ्य पेच एका हलक्या पथकाने दोन फेऱ्या अडवला आणि ते पथक नष्ट झाले, तरी तो सौदा फायद्याचा असतो. मात्र मोडलेल्या पथकाच्या शेजाऱ्यांनाही घबराटीची चाचणी द्यावी लागते. एका फेरीच्या माऱ्यात एखाद्या पलटणीची चतुर्थांश माणसे पडली तरीही तीच चाचणी. म्हणून बळी द्यायचे पथक मुख्य फळीपासून दूर ठेवावे.

मर्यादा

मिश्रसैन्याचे दोष लपवण्यासारखे नाहीत. त्याचे प्रत्येक अंग दुसऱ्यावर अवलंबून असते. सेनापती पडला किंवा एक बगल कोसळली की उरलेली दले एकेकटी व दुबळी ठरतात. प्रत्येक दलाचे नियम वेगळे असल्याने नवोदिताला ते लक्षात ठेवणे जड जाते. आणि ‘सगळ्यातले थोडे थोडे’ ही वृत्ती घातक आहे. पाच स्वार, आठ बंदूकधारी, दहा भालेकरी अशा तुटपुंज्या तुकड्यांचे सैन्य वैविध्यपूर्ण दिसते, पण त्यातील एकही तुकडी आपले काम पार पाडण्याइतकी मोठी नसते. वैविध्य कामांचे असावे, आणि प्रत्येक कामाला पुरेसे बळ असावे.

संग्रह कसा वाढवावा

२,००० गुणांच्या एम्पायरमध्ये शंभराहून अधिक प्रतिमा सहज होतात. त्या एकदम विकत घेणे शहाणपणाचे नाही. एक खोल पलटण, तिचे एक बंदूकधारी जोडपथक, एक वीर आणि एक तोफ एवढ्यावर लहान डाव सुरू करता येतो. यात थोपवणे, झिजवणे व धीर देणे ही तीन कामे आलीच. त्यानंतर हलके स्वार, मग चिलखती घोडदळ, शेवटी मांत्रिक या क्रमाने भर घालावी. नवे दल विकत घेण्यापूर्वी पुठ्ठ्याचे योग्य मापाचे तुकडे कापून, त्यांवर नाव लिहून दोन-चार डाव खेळून पाहावेत. मित्रमंडळींतील खेळात याला कोणी हरकत घेत नाही आणि न लागणाऱ्या दलावरचा खर्च वाचतो. रंगकामात प्रांताचे दोन रंग ठरवून ते सर्व दलांत वापरले की नाना प्रकारची माणसे एका सैन्याची दिसू लागतात.

सद्यःस्थिती

२०१५ मध्ये कंपनीने हा खेळ बंद केला. कथेत जुन्या जगाचा अंत घडवून आणण्यात आला आणि त्याच्या जागी ‘एज ऑफ सिग्मार’ हा वेगळ्या घडणीचा खेळ आला. वर्षानुवर्षे रंगवलेली सैन्ये अनेकांच्या कपाटांत राहिली. काहींनी जुन्या आवृत्त्यांचे नियम धरून खेळ चालू ठेवला, तर काहींनी एकत्र येऊन ‘द नाइन्थ एज’ ही स्वतंत्र नियमावली रचली. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीनेच ‘द ओल्ड वर्ल्ड’ या नावाने रांगांच्या पलटणींचा खेळ पुन्हा आणला. त्यात एम्पायर आहे, त्याची जोडपथके आहेत आणि टक्केवारीने सैन्य निवडण्याची पद्धतही आहे. मात्र पायदळाच्या प्रतिमांचे चौरस तळ पूर्वीच्या २० ऐवजी २५ मिलिमीटरचे झाले आहेत. जुने सैन्य बाहेर काढणाऱ्याने ते मोठ्या तळांवर बसवले की तेच शिपाई नव्या नियमांत उभे राहू शकतात. ज्यांच्या संग्रहात प्रत्येक कामाचे दल आधीपासून होते, त्यांना आवृत्ती बदलल्यावर सैन्य नव्याने उभारावे लागले नाही. केवळ दलांचे प्रमाण बदलावे लागले. एकाच प्रभावी दलावर सारा खर्च केलेल्यांना मात्र ते दल नव्या नियमांत दुबळे ठरताच सुरुवात पहिल्यापासून करावी लागते.